डिपॉझिटमधून नुकसानीचे किती कापावेत? (पुणे, लिव्ह अँड लायसन्स)

वारजेकर:
नमस्कार मंडळी. वारज्यातला आमचा फ्लॅट तीनेक वर्षं एकाच कुटुंबाकडे होता, दर ११ महिन्यांनी नवा करार. माणसं चांगली, भाडं कधी थकलं नाही. महिनाअखेरीस ते नाशिकला चाललेत. काल घर बघून आलो. ओट्याच्या ग्रॅनाइटला तडा, मुलांच्या खोलीत एका भिंतीवर स्केचपेनची चित्रं, बाथरूमचं दार खालून कुजलेलं, ट्रॉल्यांचे चॅनल गंजलेले. डिपॉझिट ६०,००० आहे. पेंटर अख्ख्या घराचे ३८,००० सांगतोय. एजंट म्हणतो, सगळे कापा, सगळेच कापतात. मला ते पटत नाही, पण सगळा खर्च आपणच सोसायचा का?

अबोली:
दादा, एजंटचं ऐकू नका. राहत्या घराचा रंग उतरणारच, ते रिकामं असतं तरी उतरला असता. रंगकामाचे पैसे भाडेकरू देईल असं करारात लिहिलंय का ते आधी बघा. नसेल, तर फक्त त्या चित्रांच्या भिंतीचं बोला. तेही पूर्ण नाही. रंग पाच वर्षं टिकतो असं धरलं आणि तीन वर्षं होऊन गेली, तर त्या भिंतीच्या खर्चाचा दोन पंचमांश भाग त्यांचा.

बाथरूमचं दार सोडून द्या. साधं फ्लश डोअर पाण्याने कुजतंच, आमच्या सोसायटीत घरोघरी तेच झालंय. पीव्हीसीचं दार बसवा, कटकट मिटेल. चॅनलही झिजेतच धरा. ग्रॅनाइटचा तडा मात्र आपोआप जात नाही, काहीतरी जड पडलं असणार. तेवढा तुकडा बदलता येतो का ते फरशीवाल्याला विचारा, पूर्ण ओट्याचं बिल लावू नका.

सदाफुली:
भाडेकरूच्या बाजूने सांगते. आमच्या आधीच्या मालकांनी एक गोल आकडा कापला आणि 'रिपेअरिंग' एवढंच म्हणाले. एकही पावती दाखवली नाही. पैशांपेक्षा त्याचाच राग आला. तुम्ही त्यांना घरी बोलवा, सगळं सोबत फिरून दाखवा, फोटो काढा. खर्चाचं कोटेशन व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्यांना त्यांच्या माणसाकडून दर काढायची मुभा द्या.

नोटरीसमोर:
कायद्याचं थोडक्यात. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०८ सांगतं की भाडेपट्टेदाराने जागा मिळाली तशी परत द्यायची, पण वाजवी वापराची झीज त्यातून वगळलेली आहे. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेपट्टा नव्हे, ठरावीक काळ राहायची परवानगी; त्यामुळे त्यात मुख्य आधार तुमच्या कराराचाच, पण तत्त्व हेच लावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही असा जो मेसेज फिरतो, तो नियम केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडेकरू कायद्यातला आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही.

घर देताना फोटो किंवा सामानाची यादी केली होती का?

वारजेकर:
करार नोंदवलेला आहे. रंगाची अट नाही. ट्रॉल्या आणि पंख्यांची यादी आहे, ओट्याचा एक फोटो फोनमध्ये सापडला, त्यात तडा नाही. फरशीवाला तुकडा बदलायचे ४,५०० म्हणतोय. ओटा जुना आहे, म्हणून निम्मे लावतो, आणि भिंतीचा वाटा. बाकी माझं. शेवटचं वीजबिल अजून यायचंय, त्याचं काय करू?

अबोली:
चावी घेताना दोघांनी मिळून मीटरचं रीडिंग बघा, फोटो काढा. मागच्या बिलाच्या हिशोबाने अंदाजे रक्कम ठेवून घ्या, बिल आलं की उरलेले परत करा. सोसायटीचं काही देणं राहिलंय का तेही विचारा. आणि बाकी डिपॉझिट चावी घेतानाच ट्रान्सफर करा. नाशिकला त्यांना नव्या घराचं डिपॉझिट भरायचंच असेल.


वारजेकर:
रविवारी त्यांना बोलावलंय. हिशोब एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतो.