दिवाळी अंकात बंद्यांच्या कविता आणि चित्रे: नाव, गुन्हा आणि मानधन यांचे काय करावे?

अंकसमिती_कोथरूड

नमस्कार. आमच्या वाचक मंडळाच्या यंदाच्या दिवाळी अंकात येरवडा मध्यवर्ती कारागृहातील बंद्यांच्या कविता आणि रेखाचित्रे यांना काही पाने द्यावीत, असा विचार चालू आहे. साहित्य अजून हाती आलेले नाही. मात्र समितीत वाद सुरू झाले आहेत. कवीच्या नावाखाली गुन्हा आणि शिक्षा छापावी, म्हणजे वाचकाला पार्श्वभूमी कळेल, असे काहींना वाटते. कवितांची भाषा आणि शुद्धलेखन किती सुधारावे, मानधन द्यायचे तर कोणाच्या हाती, हेही ठरत नाही.

आमचे एक ज्येष्ठ सदस्य प्रस्तावना लिहिणार आहेत. मंडालेच्या तुरुंगातले ‘गीतारहस्य’, नाशिकच्या तुरुंगातली ‘श्यामची आई’ आणि धुळ्याच्या तुरुंगातली ‘गीता प्रवचने’ या परंपरेतच या कविता बसवाव्यात, असा त्यांचा आग्रह आहे. मला ते खटकते, पण का खटकते ते त्यांच्यासमोर नीट मांडता येत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

जुना_ग्रंथपाल

आपल्याला खटकते ते योग्यच आहे. लोकमान्य मंडालेला गेले तेव्हा ते नामांकित संपादक आणि अभ्यासक होते, आणि ते काय लिहून आणतात याची बाहेर लोक वाट पाहत होते. विनोबा 1932 साली धुळ्यात गीतेवर बोलत होते तेव्हा ते टिपून घ्यायला समोर साने गुरुजी बसलेले होते. त्या काळी राजकीय कारावास हाच एक सन्मान होता. आज चोरीच्या किंवा खुनाच्या आरोपाखाली आत असलेला आणि कदाचित तिथेच प्रथम वही हाती घेतलेला माणूस त्या रांगेत उभा केला, तर वाचक त्याच्या कवितेत त्याग आणि तत्त्वज्ञान शोधू लागेल आणि ते न सापडल्यावर कवितेलाच कमी लेखील.

एका बाबतीत मात्र तुलना उपयोगी पडते, ती म्हणजे लेखनसाहित्यावरचा पहारा. टिळकांना शाई मिळत नव्हती, पेन्सिलीने लिहावे लागे. सुटे कागद न देता पाने मोजलेल्या बांधीव वह्या दिल्या जात, आणि सुटकेच्या वेळी त्या सरकारने ठेवून घेतल्या, त्या नंतर परत मिळाल्या. आतून येणारी प्रत्येक ओळ कोणाच्या तरी नजरेखालून गेलेली असते, एवढे प्रस्तावनेत आले तरी पुष्कळ झाले. जवळचा पूर्वज हवाच असेल तर तिहारमधील स्त्री-बंद्यांच्या कवितांचा ‘तिनका तिनका तिहार’ हा 2013 सालचा हिंदी संग्रह पाहावा.

नावाविषयी एक दाखला सांगतो. ऑस्कर वाइल्डचे रेडिंगच्या तुरुंगावरील दीर्घकाव्य 1898 साली प्रथम छापले गेले, तेव्हा कवीच्या जागी फक्त ‘सी.3.3’ हा त्याच्या कोठडीचा क्रमांक होता. त्याचे नाव तेव्हा इतके बदनाम झाले होते की ते छापणे प्रकाशकाला परवडणारे नव्हते. आपण मात्र नाव, टोपणनाव की काहीच नाही, हे कवीलाच विचारावे आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे.

वकील_शिवाजीनगर

गुन्हा छापू नये, हे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण भावनिक नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 सालच्या आकडेवारीनुसार देशातील 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 जण, म्हणजे चारांतील तीन, न्यायाधीन होते. आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ते. त्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नसतो. अशा माणसाच्या कवितेखाली कलम छापले तर वाचक ती कबुलीजबाब म्हणून वाचतो, आणि ‘माझ्या हातून घडले’ अशी एखादी ओळ सरकारी वकिलाच्या हाती लागली तर तिचा उपयोग कसा होईल, हे सांगता येत नाही. म्हणून कच्च्या कैद्याची कविता घेण्यापूर्वी त्याच्या वकिलाला दाखवावी, एवढी काळजी मी नक्की घेईन.

बंद्याला लिहून छापण्याचा हक्कच नाही, असे कोणी म्हणाले तर त्यांना प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांचा खटला सांगा. स्थानबद्ध, म्हणजे खटला न चालवता कैदेत, असताना संझगिरींनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी पुस्तक लिहिले, सरकारने हस्तलिखित बाहेर पाठवू दिले नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली सरकारचे म्हणणे फेटाळले. स्थानबद्धतेच्या नियमांत पुस्तक लिहिण्यास आणि प्रकाशनासाठी पाठवण्यास मनाई नव्हती. सरकार स्वतःच्या नियमांपलीकडे जाऊन बंधने घालू शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. अर्थात तो स्थानबद्धाचा खटला होता आणि आपल्याला परवानगीचा रीतसर मार्ग धरावा लागेलच. कारागृह अधीक्षकांकडे अर्ज द्या, आणि एकाहून अधिक कारागृहांतले साहित्य हवे असेल तर पुण्यातच असलेल्या कारागृह महानिरीक्षकांच्या कार्यालयाकडे जा.

राहिला प्रश्न भाषा सुधारण्याचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवितेचा हक्क तिच्या कर्त्याचाच आहे, तो आत असो वा बाहेर. आणि लेखनाची मोडतोड करून ते छापले तर कलम 57 खाली त्याला हरकत घेता येते. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करा, शब्द बदलू नका.

हडपसरचा_वाचक

वरील सर्व प्रतिसादांत एक माणूस दिसत नाही: ज्याच्याविरुद्ध गुन्हा घडला तो. त्याच्या किंवा तिच्या घरीही दिवाळी अंक जातो. न्यूयॉर्कमध्ये 1977 साली गुन्ह्याच्या कथनातून गुन्हेगाराला पैसा मिळू नये म्हणून कायदा झाला होता. तो 1991 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, हे मान्य. पण त्यामागची चीड खोटी नव्हती. आपल्याकडेही बंद्यांच्या वेतनाविषयीच्या 1998 सालच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने वेतनातील काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी राखावा, असे सुचवले होते. आपली समिती या बाजूने काही बोलली का?

अंकसमिती_कोथरूड

खरे सांगायचे तर बोललो नव्हतो. घडलेल्या घटनेचे थेट वर्णन असलेली कविता घ्यायची नाही, एवढे आता ठरवता येईल. मानधन मात्र इतर कवींना देतो तेवढेच द्यावे, असे मला अजूनही वाटते.

चित्रकला_शिक्षिका

मानधनाबाबत मी आपल्या बाजूची आहे. रक्कम बंद्याच्या कारागृहातील खात्यावर जावी की कुटुंबाकडे, हे अर्जातच विचारून घ्यावे.

काही काळ मी एका कारागृहात चित्रकलेचे वर्ग घेतले आहेत, त्या अनुभवावरून चित्रांविषयी लिहिते. ‘तुमच्या भावना व्यक्त करा’ असे सांगितले की हमखास तीच चित्रे येतात: गज, पिंजऱ्यातला पक्षी, देव्हाऱ्यासमोर आई. त्यातली काही मनापासूनची असतात, पण बरीचशी पाहुण्यांना आणि अधिकाऱ्यांना काय आवडेल, याचा अंदाज बांधून काढलेली असतात. चांगली वर्तणूक दिसणे ज्याच्या रजेसाठी महत्त्वाचे असते, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा तरी कशी करावी? तेव्हा अंकासाठी ‘पश्चात्ताप’ असा विषय देऊ नका. विषय मोकळा ठेवला की बराकीतली वाळत घातलेली चादर, झोपलेल्या सोबत्याचे पाय, गावच्या बैलाची वशिंड अशी चित्रे येतात, आणि त्यांत हात कोणाचा चांगला आहे ते लगेच दिसते. ब्रिटनमध्ये लेखक आर्थर कोस्लर यांनी 1962 साली बंद्यांच्या कलेसाठी पारितोषिके सुरू केली. ते स्वतः फ्रँकोच्या स्पेनमध्ये कैदेत राहिलेले होते. पारितोषिक म्हटले की डावे-उजवे करावेच लागते. आपणही निवड करा. दयेपोटी सगळेच छापू नका.

दोन व्यावहारिक गोष्टी. मूळ चित्र मागताना ते परत करण्याची तारीख लेखी द्या, कारण अनेकांकडे दुसरी प्रत नसते. आणि अंकाच्या प्रती आत पोहोचवण्याची परवानगी त्याच अर्जात मागा. वेगळा अर्ज केलात तर दिवाळी उलटून जाईल.