स्टाफसाठी 9 मीटरची इलेक्ट्रिक बस घ्यायचीय, कुठल्या कंपनीची घेऊ?

चाकणकर:
नमस्कार मंडळी. माझ्या तीन डिझेल बस भोसरीहून चाकण एमआयडीसीत स्टाफ नेतात-आणतात. त्यातली एक आता थकली. तिच्या जागी इलेक्ट्रिक घ्यावी म्हणतोय. टाटा, एका, स्विच, ओलेक्ट्रा ही नावं ऐकून आहे. रोजचं रनिंग 130 किमी, एसी लागतोच. कुणाचा अनुभव? सबसिडी मिळते का?

डेपोवाला:
दादा, कंपनी नंतर ठरवा. बिघाड झाला तर सर्व्हिसचा माणूस तुमच्या पार्किंगला किती वेळात पोचेल, ते आधी लेखी घ्या. पुण्याच्या पीएमपीकडे फेब्रुवारी 2019 पासून इलेक्ट्रिक बस आहेत, एसटीची इलेक्ट्रिक शिवाई 1 जून 2022 ला पुणे-नगर धावली. गाड्या चालतात, यात शंका नाही. पण त्यांच्या डेपोत चार्जर आणि मेकॅनिक हाताशी असतात. तुमची एकुलती एक बस अडली की तीस माणसं फाट्यावर ताटकळणार.

मी एका खासगी ताफ्याचं मेंटेनन्स बघतो. गेल्या पावसाळ्यात पहाटे पाचला बस चालूच होईना. डॅशबोर्ड काळा. मोठी बॅटरी रात्री फुल केलेली, पण 24 व्होल्टची साधी बॅटरी उतरली होती, कारण आतले दिवे रात्रभर चालू राहिलेले. मोठ्या बॅटरीचा करंट जोडणारे स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, या छोट्या बॅटरीवरच चालतात. हेल्पलाइनचा माणूस चार तासांनी उगवला. तोवर आम्ही शेजारच्या ट्रकच्या बॅटरीला केबल जोडून, म्हणजे जंप देऊन, शिफ्ट गाठली होती. ड्रायव्हरला हे पहिल्या दिवशीच शिकवा.

एसीसकट किमीला एक युनिट धरा. 200 युनिटची बॅटरी तुम्हाला पुरेल, वर दोन शिफ्टच्या मधे चार्ज करता येईल. महावितरणकडे चार्जिंगच्या वेगळ्या कनेक्शनचा अर्ज मात्र बुकिंगच्या आधी टाका. आमची नवी गाडी मीटरची वाट बघत उभी होती, हप्ते चालू.

हिशेबनीस_ताई:
केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतलं बसचं अनुदान शहरांच्या सार्वजनिक वाहतुकीसाठी आहे, खासगी स्टाफ बसला नाही. इलेक्ट्रिक बसवर जीएसटी मात्र 5 टक्केच.

चाकणकर:
ताई, बरं झालं सांगितलंत, डीलर सबसिडी धरूनच किंमत सांगत होता. डेपोवाले, ट्रायल कशी घेऊ?

डेपोवाला:
रिकामी घेऊ नका. माणसं भरा, एसी लावा आणि संध्याकाळी शिफ्ट सुटताना चाकणच्या तळेगाव चौकातल्या गर्दीतून काढा. निघताना आणि पोचल्यावर बॅटरीचे टक्के लिहून ठेवा. दोन कंपन्यांच्या तरी घ्या आणि आकडे इथे टाका, मी बघतो.