विश्वासवर्धन, विश्वासनिर्मिती की खातरजमा?

प्रश्न : शीतयुद्धकाळातील पूर्व व पश्चिम युरोपच्या संबंधांवर लिहिताना 'विश्वासवर्धन', 'विश्वासनिर्मिती' आणि 'विश्वासाची पुनर्स्थापना' हे शब्दप्रयोग एकाच अर्थाने योजले जातात. ते समानार्थी मानावेत काय? 'संवाद' आणि 'वाटाघाटी' यांतही काही भेद करावा काय?

उत्तर १ : समानार्थी मानू नयेत. वर्धन व्हायचे तर मुळात काहीतरी असावे लागते आणि पुनर्स्थापना करायची तर ते पूर्वी असून पुढे गेलेले असावे लागते. १ ऑगस्ट १९७५ रोजी हेलसिंकी येथे ३५ राष्ट्रांनी युरोपातील सुरक्षा व सहकार्य परिषदेच्या अंतिम दस्तऐवजावर सह्या केल्या, तेव्हा दोन्ही लष्करी गटांत (पश्चिमेचा नाटो आणि पूर्वेचा वॉर्सा करार) विश्वास नावालाही नव्हता. म्हणून तेथे 'विश्वासनिर्मिती' हाच शब्द नेमका आहे. वृत्तपत्रांत 'विश्वासवर्धक उपाय' रुळला आहे आणि रुळलेल्या शब्दाशी भांडण्यात फारसा अर्थ नसतो, हेही खरे.

मात्र प्रत्यक्षात काय ठरले ते पाहिले, तर मला 'खातरजमा' हा आपला जुना, कचेरीतला शब्द अधिक जवळचा वाटतो. हेलसिंकीत ठरले ते एवढेच, की २५,००० हून अधिक सैनिकांच्या मोठ्या सरावाची सूचना किमान २१ दिवस आधी द्यावी, तीही स्वेच्छेने. १९८६ च्या स्टॉकहोम दस्तऐवजाने ही मर्यादा १३,००० सैनिक किंवा ३०० रणगाड्यांवर आणली, मुदत ४२ दिवसांची केली आणि जागेवर येऊन तपासणी करू देणे बंधनकारक ठरवले. समोरच्याच्या शब्दावर विसंबणे वेगळे आणि त्याच्या छावणीत जाऊन रणगाडे मोजणे वेगळे.

हेलसिंकीच्या दस्तऐवजाचा मजकूर ठरवण्यासाठी जिनिव्हात १९७३ ते १९७५ या काळात चालल्या त्या मात्र निखळ वाटाघाटी. सीमा 'अनुल्लंघनीय' (बळाने न मोडण्याजोग्या) म्हणाव्यात, पण त्या 'अपरिवर्तनीय' (कधीच न बदलण्याजोग्या) ठरू नयेत, यासाठी पश्चिम जर्मनी अडून बसला. सामोपचाराने सीमा बदलता येतील हे वाक्य दस्तऐवजातील कोणत्या तत्त्वाखाली घालायचे यावरही बराच खल झाला. अखेर ते पहिल्या, म्हणजे सार्वभौम समानतेच्या तत्त्वात गेले.

उत्तर २ : वरील विवेचन मान्य आहे, पण त्यामुळे 'संवाद' शब्द बाद होऊ नये. हेलसिंकीच्या त्याच दस्तऐवजाच्या तिसऱ्या विभागात सीमेमुळे दुरावलेल्या कुटुंबांची भेट, दोन देशांतील नागरिकांचे विवाह आणि पत्रकारांच्या कामाच्या सोयी असे विषय होते. १९७६ च्या मे महिन्यात मॉस्कोतील काही नागरिकांनी गट स्थापून याच मजकुराच्या आधारे आपल्या सरकारला जाब विचारण्यास आरंभ केला. सरकारांनी केल्या त्या वाटाघाटी. पण दुरावलेल्या कुटुंबांचे बोलणे पुन्हा सुरू झाले, त्याला संवादच म्हणावे लागेल.

उत्तर ३ : लेखनापुरते सांगतो. 'स'पूर्वी विसर्ग कायम राहतो, म्हणून 'पुनःस्थापना' हे रूप संधिनियमाला धरून आहे. 'पुनर्स्थापना' सर्रास छापले जाते. 'पुनर्मीलन' किंवा 'पुनर्वसन' यांच्या वळणाने ते आले असावे.