प्रतिसाद: मुंबई ते नागपूर, विमानाने आणि समृद्धीने
'विमानाने दीड तास, समृद्धी महामार्गाने आठ तास' ही मुंबई-नागपूर प्रवासाच्या चर्चेत केलेली तुलना ढोबळमानाने मान्य आहे. मात्र समृद्धीचे ७०१ किलोमीटर हे अंतर मुंबईपासूनचे नसून भिवंडी तालुक्यातील आमणे ते नागपूरजवळील शिवमडका एवढेच आहे, हे चर्चेत कोठेच आलेले नाही. ताशी १२० किलोमीटरची कमाल वेगमर्यादा क्षणभरही न सोडता हे अंतर कापले, तरी जवळजवळ सहा तास लागतात (आणि तसे कोणी चालवू नये). गेल्या खेपेस दादरहून आमण्याला पोहोचण्यातच माझे पावणेदोन तास गेले. विमानतळावर आधी पोहोचण्याचा वेळ आपण आवर्जून मोजतो, तसा हाही मोजावा. नागपूरचा विमानतळ सोनेगावला, शहरातच असल्याने उतरल्यावरचा वेळ मात्र वाचतो.