कानालेत्तो: मोठा चित्रकार की श्रीमंतांचा पोस्टकार्डवाला?

खडूस_रसिक:
व्हेनिस म्हटलं की कालवा, गोंडोला आणि वर स्वच्छ निळं आभाळ, हे चित्र जगाच्या डोक्यात ज्याने बसवलं तो हा जोव्हान्नी अँतोनियो कानाल ऊर्फ कानालेत्तो (१६९७-१७६८). माझ्या मते त्याला उगाच डोक्यावर घेतलंय. बाप नाटकांचे पडदे रंगवायचा, पोरगाही तेच शिकला. पुढे व्हेनिसमधला इंग्रज व्यापारी जोसेफ स्मिथ भेटला आणि दुकान सुरू झालं. युरोप बघायला आलेल्या इंग्रज उमरावांना आठवण म्हणून घरी न्यायला चित्रं हवी होती, याने पुरवली. तोच कालवा, तोच चौक, पुन्हा पुन्हा. पाण्यावरच्या लाटा बघा: पांढऱ्या रंगाचे तेच ते छोटे वाकडे फराटे, साच्यातून काढल्यासारखे. १७४०च्या दशकात ऑस्ट्रियाच्या गादीवरून लढाई पेटली, गिऱ्हाईक आटलं, तर १७४६ला स्वारी थेट लंडनला. तिथे म्हणे लोकांना शंका आली की हा खरा कानालेत्तोच नव्हे, कुणी तोतया आहे! यापेक्षा बोलकं प्रमाणपत्र कोणतं?

पाथरवट:
साफ असहमत. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं १७२५च्या सुमाराचं ‘पाथरवटांचं आवार’ पाहिलंय का? सान व्हिदाल चर्चच्या कामासाठी पाथरवट दगड घडवतायत. पुढे कोपऱ्यात एक पोरगं धपकन पडलंय, पडल्या पडल्या धार सोडलीये आणि आई हात पसरून धावतीये. वर गच्चीतून एक बाई बघतीये. दोऱ्यांवर कपडे, भिंतींचा गिलावा उडालेला. कुठला उमराव हे आठवण म्हणून मागेल? पलीकडच्या चर्चचा उंच मनोरा १७४४मध्ये कोसळला, या चित्रात तो अजून उभा आहे.

खडूस_रसिक:
ते सुरुवातीचं काम, मान्य. तेव्हा गडद तांबूस अस्तरावर (कॅनव्हासवर आधी दिलेल्या रंगाच्या थरावर) रंगवायचा, त्याने चित्राला वजन यायचं. पैसा आला तसं अस्तर फिकं झालं आणि हातही. मला विचाराल तर खरं व्हेनिस त्याच्यानंतरच्या ग्वार्दी या व्हेनिसच्याच चित्रकाराचं. त्याच्या चित्रात दमट हवा जाणवते.

भिंगवाली:
दोघंही मुख्य मुद्दा सोडताय. ‘कॅमेरा ऑब्स्क्युरातून (समोरचं दृश्य भिंगातून कागदावर पाडणाऱ्या पेटीतून) गिरवलं’ हा आरोप अजून कुणी कसा काढला नाही? त्याच्या नावाची पेटी व्हेनिसच्या म्युझियममध्ये आहे, म्हणून लोकांनी धरूनच चाललंय. पण ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातली रेखाटनं अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात तपासली, तेव्हा शाईखाली पेन्सिल आणि पट्टीने आखलेल्या रेघा निघाल्या. म्हणजे माणूस टेबलावर बसून चित्र *रचत* होता. इमारती सरकवायचा, दोन जागांवरून दिसणारं एका चौकटीत बसवायचा. एका चित्रात तर व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चच्या दर्शनी भागावरचे ब्राँझचे घोडे खाली उतरवून चौथऱ्यांवर उभे केलेत!

पाथरवट:
+१. आणि व्हेनिसच्या मोठ्या कालव्यावर, रिआल्तोला, पालादिओ या सोळाव्या शतकातल्या वास्तुरचनाकाराचा कधीच न बांधलेला पूलही त्याने रंगवलाय. तो स्मिथसाठीच, हे मुद्दाम सांगतो. दुकानदारीतच हे सुचलं.

खडूस_रसिक:
मग ‘हुबेहूब’ म्हणून कौतुक तरी करू नका. एकतर हुबेहूब, नाहीतर कल्पना.

भिंगवाली:
का बरं? भिंतीवरची शेवाळाची रेघ त्याने इतकी नीट काढलीये की पाणी तेव्हापासून किती चढलं, याचा अंदाज शास्त्रज्ञांनी त्या चित्रांवरून बांधला. शेवाळ खरं ठेवायचा आणि घुमट सरकवायचा. काय सोडायचं नाही हे ज्याला कळतं त्याला मी नुसता कारागीर म्हणणार नाही.

हिशेबनीस:
अहो, पैशाचंही बघा. १७६२मध्ये स्मिथने आपला संग्रह इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जला विकला, २०,००० पौंडांना. त्यात कानालेत्तोची पन्नासेक तैलचित्रं होती. आणि ज्याच्या जिवावर हे झालं त्याला व्हेनिसच्या अकादमीने सदस्य करून घेतलं १७६३मध्ये, वयाच्या पासष्टीनंतर. गावातल्यांना निसर्गदृश्यं हलकी वाटायची, देवादिकांची चित्रं मोठी.

खडूस_रसिक:
अकादमीच्या बाबतीत तुमचं पटलं. लाटांबद्दल मात्र शब्द मागे घेत नाही.