सुपर व्हिसासाठी विम्याची सक्ती: आईवडिलांची काळजी की मुलांच्या खिशाला कात्री?

निवृत्त_सदाशिव (धागाकर्ता)

मुलगा मिसिसागाला, आम्ही दोघं पुण्यात. कॅनडाच्या सुपर व्हिसाचा अर्ज भरायला घेतलाय. तिथल्या नागरिकांच्या आणि कायम रहिवाशांच्या आईवडिलांसाठी, आजीआजोबांसाठी हा व्हिसा २०११च्या अखेरीस सुरू झाला. जुलै २०२२पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मुलाच्या उत्पन्नाची अट आहे, आमची वैद्यकीय तपासणी आहे. तिथवर सगळं मान्य.

माझं दुखणं एकच. माणशी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान वर्षभराचा आरोग्यविमा. तोही आधी पैसे भरून, हप्त्यांवर घेतला तर निदान पहिला भरणा करून. नुसतं कोटेशन चालत नाही. दोघांचे मिळून काही हजार डॉलर होतात आणि त्यात मिळतात ते फक्त तातडीचे उपचार. बीपी-शुगरच्या नेहमीच्या तपासण्या नाहीत, रोजच्या गोळ्या नाहीत, दात नाहीत, मोतीबिंदू नाही. म्हणजे साठीनंतर माणसाला जे जे होतं, ते वगळून बाकी सगळं!

अमेरिकेत मुलीकडे बी-२ या पर्यटक व्हिसावर जातो, तिथे विम्याचं कोणी विचारत नाही. ज्याला हवा तो घेतो. कॅनडातही तसंच असावं. खर्च उचलीन असं पत्र मुलगा अर्जासोबत देतोच की. मग ही सक्ती कुणाच्या भल्यासाठी?

बर्फातली_मुंबईकर

काका, राग मानू नका, पण पत्राने हॉस्पिटलचं बिल फिटत नाही. सुपर व्हिसावर आलेल्यांना ओहिप, म्हणजे ऑन्टारिओचा सरकारी आरोग्यविमा, मिळत नाही. हॉस्पिटल तुम्हाला परदेशी रुग्णाचा दर लावतं. नुसत्या खाटेचे दिवसाला काही हजार डॉलर, शस्त्रक्रिया वेगळी. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंचा पार्किंगमध्ये बर्फावरून पाय सटकला, खुबा मोडला. विमा होता म्हणून मुलाचं घर गहाण पडलं नाही.

अमेरिकेत सक्ती नाही हे खरं, पण म्हणून तिथली बिलं स्वस्त आहेत का? तिथे विमा न घेता आलेल्या आईवडिलांसाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गणी गोळा करायची वेळ येते. मी स्वतः दिलेली आहे.

हिशेबी_कोल्हापूरकर

मी धागाकर्त्यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. विमा हवाच. सक्ती म्हटली की गिऱ्हाईक कंपनीच्या दारात आपोआप उभं राहतं, मग भाव कोण कमी करणार? इतकी वर्षं फक्त कॅनेडियन कंपन्यांची पॉलिसी चालायची. २८ जानेवारी २०२५पासून परदेशी कंपन्यांचीही चालते. आता इथूनच रुपयांत स्वस्तातली पॉलिसी घ्या आणि निघा.

क्लेम_टेबल

थांबा थांबा, ही चुकीची माहिती फार पसरली आहे. कुठलीही भारतीय कंपनी चालते असं नाही. ज्या परदेशी कंपनीला कॅनडाच्या ओस्फी या वित्त-नियामक संस्थेची अपघात आणि आजार विम्यासाठी परवानगी आहे आणि जी ती पॉलिसी आपल्या कॅनडातल्या व्यवसायाचा भाग म्हणून देते, तीच चालते. ओस्फीच्या यादीत नाव नसेल तर ती पॉलिसी तुमच्या अर्जाला उपयोगाची नाही, एजंट काहीही सांगो.

विम्याच्या दाव्यांचं काम केलंय, म्हणून मुद्द्याचं सांगतो. एक लाखाचा आकडा, प्रीमियम, सक्ती यावर सगळे भांडतात. दावे अडकतात ते भलत्याच कलमावर. त्याला म्हणतात स्टेबिलिटी पीरियड. आधीपासूनचा आजार धरून घेणारी पॉलिसी महाग पडते, तरी लोक घेतात आणि निश्चिंत होतात. पण अट अशी असते की विमा सुरू होण्याआधीचे ९०, १२० किंवा १८० दिवस (कंपनी आणि वयानुसार) तो आजार ‘स्थिर’ हवा. नवं लक्षण नको, नवी गोळी नको, सांगितलेली पण न केलेली तपासणी नको. बऱ्याच पॉलिसींत डोस कमी केला तरी तो बदलच धरतात! डॉक्टर खुश होऊन म्हणतात, बीपी छान आहे, दहाची गोळी पाचवर आणू. घरी पेढे वाटतात. दोन महिन्यांनी टोरंटोत छातीत दुखलं की कंपनी पुण्याचे जुने कागद मागवते आणि त्या पाचच्या गोळीवर बोट ठेवते.

आणखी एक. हॉस्पिटलात गेलात की आधी, निदान २४ तासांत, पॉलिसीवरच्या नंबरला फोन करा. नाही केलात तर काही कंपन्या खर्चाचा काही भागच देतात. हा नंबर सुनेच्या फोनमध्ये हवा, तुमच्या बटव्यात नको.

निवृत्त_सदाशिव

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध केलंत! सरकार सक्ती करतं एक लाखाची, आणि ऐन वेळी कंपनी म्हणणार की गोळी बदलली, जा घरी. विमा घ्याच म्हणणाऱ्या सरकारने विम्यात काय असावं हेही ठरवायला नको का? मग ‘स्थिर’ म्हणजे किती दिवस, हे प्रत्येक कंपनीने आपापलं का ठरवायचं?

बर्फातली_मुंबईकर

या मुद्द्यावर मी तुमच्यासोबत. पण त्याने सक्ती चुकीची ठरत नाही, अर्धवट ठरते. खरं भगदाड पुढेच आहे. मुक्काम पाच वर्षांचा, पुरावा मागतात किमान एका वर्षाचा. दुसऱ्या वर्षी कितीतरी घरांत पॉलिसी गुपचूप बंद होते. ‘काही झालं नाही ना गेल्या वर्षी’ हे कारण. वय मात्र एका वर्षाने वाढलेलं असतं.

यारा_काठी

मेलबर्नहून. आमच्याकडे आईवडिलांसाठीच्या तात्पुरत्या, ८७० क्रमांकाच्या व्हिसाची पाच वर्षांची फीच दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, आणि ८५०१ ही अट असली की पूर्ण मुक्कामभर विमा चालू ठेवावा लागतो. ब्रिटन, न्यूझीलंड, इटली अशा काही देशांशी ऑस्ट्रेलियाचा आरोग्यसेवेचा करार आहे, भारताशी नाही. कॅनडावाल्यांनी फार रडू नये. :)

करदाता_कॅल्गरी

कटू बोलतो. इथे इमर्जन्सीत आम्हीच कित्येक तास ताटकळतो. पाच वर्षं राहायला येणारा माणूस पाहुणा नसतो. त्याच्या खर्चाची सोय आधी दाखवा, ही अपेक्षा गैर नाही. माझे सासूसासरेही असेच आले होते.

हिशेबी_कोल्हापूरकर

सोय दाखवा म्हणता, मग कायमचं बोलावून घ्यायचा रस्ता तरी उघडा ठेवा. त्यात मुलगा २० वर्षांची हमी लिहून देतो (क्विबेकमध्ये १०) आणि आईवडिलांना प्रांताचा विमा मिळतो. पण त्यासाठी आईवडिलांना बोलावू इच्छिणाऱ्यांची नावं नोंदवून घेतली शेवटची २०२० साली, नंतर त्याच जुन्या यादीतून आमंत्रणं काढत बसले. ज्यांचं नाव त्या यादीत नाही, त्यांनी सुपर व्हिसा नाही घ्यायचा तर काय करायचं?

तळजाई_वॉकर

थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. तिकडचा विमा घेतला म्हणून इथला मेडिक्लेम सोडू नका. आमच्या ग्रुपमधल्या एकांनी ‘दोन्हीकडे कशाला भरू’ म्हणून सोडला. परत आले तेव्हा सत्तरी ओलांडलेली, नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून. तो आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, पण सत्तरीत तीन वर्षं म्हणजे बरीच झाली. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५मध्ये गेला, तेवढाच दिलासा.

निवृत्त_सदाशिव

मेडिक्लेम सोडणार नाही, तेवढा शहाणा आहे. पण दोन प्रीमियम भरून पेन्शनीत उरतं काय, ते विचारू नका.

क्लेम_टेबल, तुम्हालाच विचारतो. हिची थायरॉइडची गोळी गेल्या महिन्यात बदलली. आता पुढचे सहा महिने डॉक्टरांना सांगू का, काहीही झालं तरी डोसला हात लावू नका म्हणून?

क्लेम_टेबल

अजिबात नको. डोस डॉक्टरांनी तब्येत बघून ठरवायचा, पॉलिसी बघून नाही. विम्याची सुरू व्हायची तारीख पुढे ढकला, निघण्याआधी ती बहुतेक कंपन्या बदलून देतात. आणि अर्जातल्या आरोग्याच्या प्रश्नांना मुलाला अंदाजाने उत्तरं देऊ देऊ नका. वहिनींची फाइल समोर ठेवून तुम्ही स्वतः भरा.

निवृत्त_सदाशिव

सहा महिने मोजले तर जायचं ऐन जानेवारीत येतंय. नातवाचा वाढदिवस नोव्हेंबरात.

करदाता_कॅल्गरी

९० दिवसांवाली पॉलिसी शोधा. महाग पडेल, पण नोव्हेंबर गाठाल.

निवृत्त_सदाशिव

म्हणजे पुन्हा मुलाचाच खिसा. कोटेशन मागवलंय, आकडा आला की इथेच टाकतो. मग बघू सक्तीच्या बाजूने किती जण उरतात.