शब्दचर्चा: परग्रहवासीयांचे 'तारण'

कडकभाकरी:
सोलापूरहून लिहितोय. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) वार्षिक अंकासाठी एका इंग्रजी व्याख्यानाचा अनुवाद अंगावर घेतलाय. विषय असा की विश्वात आणखी कुठे बुद्धिमान जीव सापडले तर ख्रिस्ती धर्मशास्त्राने काय करायचं. मी लिहिलं, "परग्रहवासीयांना तारणाची गरज असेल का?" 'तारण' म्हणजे आमच्याकडे पापातून सुटका, इंग्रजीतलं 'सॅल्व्हेशन'. मुद्रितं तपासणाऱ्या काकांची हयात पतपेढीत गेलेली. त्यांनी समासात लिहून पाठवलं, "कशावर? सोन्यावर की घरावर?" चेष्टा सोडा, पण इथे कुठल्याही पेठेत मान वर केली की 'सोने तारण कर्ज'ची पाटी दिसतेच. मंडळीबाहेरचा वाचक काय समजेल? 'मुक्ती' करू, 'उद्धार' करू की आहे तेच ठेवू?

मोडीवाला:
आहे तेच ठेवा. 'मुक्ती' म्हटलं की जन्ममरणाचा फेरा मागोमाग आलाच, आणि ख्रिस्ती विचारात तो फेराच नाही. शिवाय पतपेढीचं तारण काही परकं नाही. सावकाराचं कर्ज ज्याच्या जोरावर तरतं ते तारण, धातू एकच. बायबलच्या नव्या करारात येशू आपला जीव 'खंडणी' म्हणून देतो, ते काकांना चालतं का विचारा. आज खंडणी म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं.

साखरपेठ:
आमच्या शेजारी तेलुगू मंडळी भरते, तिथे सगळे 'रक्षण' म्हणतात. कन्नडवाल्यांचंही 'रक्षणे'. सोलापुरात राहून मराठीच शब्दाचा हट्ट कशाला बे? 'रक्षण' तिन्ही भाषांत चालतं.

मोडीवाला:
चालतं, पण अर्थ सरकतो. रक्षण पहारेकरीही करतो. तारायचं म्हणजे माणूस आधी बुडत असावा लागतो.

दुर्बीणवाला:
तारणाचं नंतर बघा, 'परग्रहवासी'च चुकलाय. युरोपा हा गुरूचा चंद्र, एन्सेलाडस शनीचा. दोन्हीकडे बर्फाखाली खारं पाणी आहे म्हणून सगळ्यांचे डोळे तिकडे. तिथे काही सापडलं तर ते उपग्रहवासी होणार. आणि जंतूला 'वासी' कोण म्हणतं? पुणेवासी, निवासी, अनिवासी… भाडेकरार केल्यासारखं वाटतं. पृथ्वीवरचं ते पार्थिव, मग सरळ 'अपार्थिव' म्हणा की.

साखरपेठ:
पेपरात "पार्थिवावर अंत्यसंस्कार" असं रोज वाचतो. अपार्थिव म्हणजे ज्याचा देहच मिळाला नाही तो का?

नवाकरार:
'परग्रहीय' घ्या. आपल्या मराठी बायबलात यहुदी नसलेल्यांना 'परराष्ट्रीय' म्हटलंय, त्याच वळणाचा होईल. हा शब्द मी उगाच सुचवत नाहीये. मे 2014 मध्ये पोप फ्रान्सिस सकाळच्या प्रवचनात म्हणाले होते, समजा उद्या मंगळावरचे लोक आले, लहान मुलं काढतात तसे हिरवे, लांब नाकाचे, मोठ्या कानांचे, आणि त्यातला एक म्हणाला, मला बाप्तिस्मा हवा, तर? प्रवचन होतं येशूच्या शिष्यावर, पेत्रावर. परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी जाऊन आला म्हणून यरुशलेमच्या बंधूंनी त्याला धारेवर धरलं, तो प्रसंग.

मोडीवाला:
शब्द झकास, पण जोडी जुळत नाही. परराष्ट्रीय झाले तरी आदामाचीच लेकरं. परग्रहीय आदामाचे कुणीच नाहीत, मग आदामाचं पाप त्यांना लागायचं कसं? व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तेव्हाचे संचालक फादर फ्युनेस यांनी 2008 मध्ये व्हॅटिकनच्या दैनिकाला मुलाखत दिली, तीत हेच आहे. ते म्हणाले, येशूच्या दृष्टांतातलं शंभरांतलं हरवलेलं मेंढरू कदाचित आपणच असू, बाकीची कळपात सुखरूप असतील. असं असेल तर कडकभाकरींना तारणाला पर्याय शोधायचीच गरज नाही.

आणि अनुवादात देवाने माणूस होण्याला ('इन्कार्नेशन'ला) 'अवतार' वापरला असेल तर आत्ताच काढा, ती खरी खोट आहे. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक लूथर, त्याचा सोबती मेलांक्थन अडला होता तो इथेच. देवाचा पुत्र एकदाच आला, एकदाच मेला, एकदाच उठला. ग्रहोग्रही तो मरत नाही, म्हणून दुसरी जगं नकोतच असा त्याचा कल. 'अवतार' लिहिलात तर मराठी वाचक म्हणेल, यात अडचण कसली? आपल्याकडे दहा आहेत, अकरावा तिकडे घेईल. 'देहधारण'च लिहा. "शब्द देही झाला" हे वाक्य आपल्याकडे आहेच.

नवाकरार:
सोवळं जरा जास्त होतंय. इंग्रज पाद्री फादर स्टीफन्सने 1616 मध्ये 'ख्रिस्तपुराण' या मराठी काव्यात स्वर्गाला बिनदिक्कत वैकुंठ म्हटलं. गोव्यातल्या लोकांना तो कळावा म्हणूनच ना?

मोडीवाला:
वैकुंठ ही जागा झाली. अवतार ही मोजता येणारी गोष्ट आहे, वाद मोजणीचाच आहे.

कडकभाकरी:
मंडळी, अंक छापायला जायचाय. तारण ठेवू ना मग?

साखरपेठ:
ठेवा, व्याजदर तेवढा विचारून घ्या.

दुर्बीणवाला:
मोडीवाला, हे 'ग्रहोग्रही' कुठून काढलंत? घरोघरी, दारोदारी ठीक. संस्कृत शब्दाला तो ओकार लागत नाही.

मोडीवाला:
मग 'देशोदेशी' काय आहे?

दुर्बीणवाला:
बरं. आता 'उपग्रहोपग्रही' म्हणून दाखवा.